माओरींचा नांगर आणि आपली जबरानजोत

(९ ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आदिवासी दिनाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. जागा कमी असल्यानं थोडं छाटलं आहे.)



रोवणीचे दिवस आहेत. बांध्यांत पाणी उभं आहे, पऱ्हे वाढून चालले आहेत, आणि तरी एवढ्या बाया-माणसं एका दिवसाची मजुरी बुडवून आलात. म्हणून सत्कार-हारतुरे आम्ही ठेवलेच नाहीत. सरळ विषयावर येतो.

१९९४ साली संयुक्त राष्ट्र संघानं ९ ऑगस्ट हा दिवस जगातल्या मूळनिवासी लोकांचा म्हणून जाहीर केला. दरवर्षी या दिवशी आपण आपल्याचबद्दल बोलतो. यंदा आम्ही ठरवलं, आधी दुसऱ्याच्या घरात डोकावून पाहू. ते घर लय दूर आहे, न्यूझीलंडमध्ये. तिथल्या मूळच्या लोकांना माओरी म्हणतात. हे ठरवलं तेव्हाच बैठकीत एक आजी म्हणाली, "आपल्याले त्याईचं का करा लागते?" प्रश्न रास्त आहे. दाव्याच्या कागदाचं बोलायचं सोडून समुद्रापलीकडची कहाणी कशाला, असं कोणालाही वाटेल. पण ही कहाणी दाव्याच्या कागदाचीच आहे. ऐका.

न्यूझीलंड हे नाव पोरांना क्रिकेटमुळे माहीत आहे. माओरी लोक आपल्या देशाला आओतेआरोआ म्हणतात, म्हणजे लांब पांढऱ्या ढगाचा देश. साधारण सातशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज मोठमोठ्या होड्यांतून समुद्र ओलांडून तिथे आले. गोरे लोक फार मागाहून आले. आज माओरी साडेपाच लाखांवर आहेत, देशातल्या सात माणसांमागे एक. म्हणजे आपल्यासारखेच, आपल्याच देशात कमी.

जग त्यांना नाचासाठी ओळखते. त्यांचा हाका नावाचा एक नाच आहे. मांड्यांवर थापा मारत, पाय आपटत, डोळे वटारून, जीभ काढून करतात. तिथल्या देशाची रग्बीची टीम खेळाआधी हाका करते आणि टीव्हीवर सारं जग पाहते. आम्ही एका शिबिरात ती फिल्म पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. पण फिल्म संपल्यावर एका पोरीनं विचारलं, "याईची जमीन कुठं हाय?" तिथून आमचं शोधणं सुरू झालं.

आधी त्यांची रीतभात सांगतो, कारण ती ऐकताना तुम्हाला आपलंच घर दिसेल.

माओरी भाषेत व्हेनुआ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ जमीन. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बाळंतपणात पडणारी वार. मूल जन्मलं की वार आपल्या पूर्वजांच्या जमिनीत पुरायची, अशी त्यांची रीत. आता सांगा, आपल्याकडे म्हातारी माणसं काय म्हणतात? "माझी नाळ इथं पुरली हाय." समुद्राच्या दोन टोकांना राहणारी माणसं, एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि बोलणं एकच.

माओरी माणूस सभेत उभा राहिला की आधी स्वतःचं नाव सांगत नाही. माझा डोंगर अमका, माझी नदी तमकी, माझे पूर्वज या होडीतून आले, माझं कूळ हे, असं सांगत सांगत शेवटी स्वतःच्या नावावर येतो. आपण सोयरीक जोडताना काय विचारतो? कोणत्या देवाचे? चार देवाचे, पाच देवाचे, सहा का सात? देव कळला की भाऊ कोण आणि सोयरा कोण ते कळतं. आपल्या आडनावातच जंगल आहे. टेकाम म्हणजे सागाचे, मरकाम म्हणजे आंब्याचे. प्रत्येक कुळाचं एक झाड, एक प्राणी, एक पक्षी, त्याला धक्का लावायचा नाही, असं जुने लोक सांगतात. आपणही असं उभं राहून म्हणू शकतो: माझा डोंगर गायखुरीचा, माझी नदी चुलबंद, माझं कूळ हे, माझ्या देवाचं झाड हे. मग नाव.

त्यांचं सभेचं घर असते. ते घर म्हणजे एका पूर्वजाचं शरीरच. आढं म्हणजे कणा, वासे म्हणजे फासळ्या, समोरच्या दोन तिरप्या फळ्या म्हणजे पसरलेले हात. आत शिरलात की पूर्वजाच्या पोटात शिरलात. खांबाखांबावर कोरीव काम, तेही पूर्वजांचंच. पूर्वी त्यांना लिपी नव्हती, म्हणून लाकूड हीच त्यांची वही. पाहुणा आला की आधी बाई हाक घालते. बाईनं हाक घातल्याशिवाय पाहुण्यानं अंगणात पाय ठेवायचा नाही. मग नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून भेट, म्हणजे दोघांचा श्वास एक.

आपली वही कोणती होती? किंगरी. परधान किंगरी वाजवत घरोघर यायचे आणि कुळाची गाथा गायचे. कोणाचे पूर्वज कुठून निघाले, कुठे थांबले, कोणत्या डोंगरात देव राहिले, सारं त्यांच्या तोंडी. कचारगडची गोष्टही अशीच तोंडातोंडी आपल्यापर्यंत आली. गुहेत कोंडलेली लेकरं, पहांदी पारी कुपार लिंगो, जंगो रायताड, आणि किंगरी वाजवून दगड हलवणारा हिरासुका पाटालीर, जो त्याच दगडाखाली गेला. कचारगड १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, आता गोंदिया जिल्ह्यात गेलं. जिल्ह्याची रेघ सरकली, पण माघ पुनवेला लोक तिथेच जातात. मध्यप्रदेशातून, छत्तीसगडमधून, आंध्रातून येतात. राज्याच्या रेघाही तिथे पुसल्या जातात.

आणि गोंदण! माओरी लोक तोंडावर गोंदतात. पुरुषांच्या साऱ्या चेहऱ्यावर, बायांच्या हनुवटीवर आणि ओठांवर. ती नक्षी शोभेची नाही. तो कोणत्या कुळाचा, कोणाचा नातू, हे त्यात सांगितलेलं असते. मधल्या काळात हे जवळजवळ बंद पडलं होतं, थोड्या म्हाताऱ्याच उरल्या होत्या. आता तरुण पोरी पुन्हा हनुवटी गोंदून घेतात आणि तशाच कामावर जातात. आपल्या आज्यांच्या हातापायावर गोंदण आहे. सोनं-चांदी इथंच राहते, गोंदण सोबत येते, असं त्या म्हणतात. आपल्या पोरी मात्र कॉलेजात गेल्या की बाही खाली ओढतात. आम्ही नावं ठेवत नाही, कारण हसणारे लोक कोण ते आम्हालाही माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट.

६ फेब्रुवारी १८४० ला वैतांगी नावाच्या गावी इंग्रजांच्या राणीच्या माणसांनी माओरी मुखियांसोबत एक करार केला. पुढच्या महिन्यांत जागोजागी मिळून पाचशेच्या वर मुखियांनी त्यावर सही केली. कराराचे कागद दोन होते, एक इंग्रजीत आणि एक माओरीत. दोन्हींत एकच मजकूर असायला पाहिजे होता. इंग्रजी कागदात लिहिलं की सारी सत्ता राणीला दिली. माओरी कागदात जो शब्द होता त्याचा अर्थ एवढाच होता की राणीनं कारभार पाहावा, आणि जमीन, गावं, आपल्या मोलाच्या वस्तू यांवर मुखियांचा अधिकार कायम. बहुतेक मुखियांनी सही केली ती माओरी कागदावर. राज्य चाललं ते इंग्रजी कागदावर. आपल्यापैकी किती जणांनी न वाचलेल्या कागदावर अंगठा लावला आहे, हात वर करा म्हणत नाही, पण आठवा.

मग लढाया झाल्या, लाखो एकर जमीन सरकारनं जप्त केली. आणि जी लढाईनं घेता आली नाही ती कोर्टानं घेतली. हे नीट ऐका. माओरींची जमीन सामूहिक होती. कुळाची, गणगोताची. १८६५ च्या कायद्यानं एक खास कोर्ट बसलं आणि ते म्हणालं, जमीन सर्वांची असं चालणार नाही, मालकांची नावं द्या, आणि एका तुकड्यावर दहापेक्षा जास्त नावं नकोत. शेकडो माणसांच्या जमिनीवर दहा नावं चढली. ज्याचं नाव चढलं त्याला दुकानदारानं उधारी दिली, सावकारानं कर्ज दिलं. कोर्टाच्या चकरा मारण्याचा खर्चही जमिनीवरच चढला. मग विक्री. गोळी न झाडता जमीन गेली. बाकीच्या लोकांना बरेचदा मोजणीवाले आले तेव्हाच कळलं.

सगळे चुपचाप बसले नाहीत. तारानाकी भागात पारिहाका नावाचं गाव होतं. तिथले दोन मुखिये, ते व्हिती आणि टोहू. त्यांनी ठरवलं होतं, बंदूक उचलायची नाही. त्यांच्या जप्त जमिनीवर मोजणी सुरू झाली तेव्हा गावकऱ्यांनी मोजणीच्या खुंट्या उपटल्या. आणि १८७९ साली बैल जुंपून ती जमीन नांगरायला लागले. पोलिसांनी नांगरणाऱ्यांना पकडलं की दुसरे येऊन नांगराच्या रुमण्याला हात घालायचे. ते पकडले की तिसरे. शेकडो माणसं तुरुंगात गेली. बरेच जण खटला न चालवताच दूर दक्षिणेच्या बेटावर नेऊन डांबले. तरी कोणी हात उगारला नाही.

५ नोव्हेंबर १८८१ ला सोळाशेच्या आसपास शिपाई तोफ घेऊन पारिहाकावर चालून आले. रस्त्यावर पुढे कोण बसलं होतं? लेकरं. गाणी म्हणत, नाचत. मागे सारं गाव मैदानात शांत बसलेलं. पाहुणे येणार म्हणून बायांनी पाव भाजून ठेवले होते. शिपायांनी मुखियांना पकडून नेलं, लोकांना हाकललं, घरं पाडली, उभं पीक तुडवलं. गांधीजी तेव्हा बारा वर्षांचे होते. आजही पारिहाकाला दर महिन्याच्या १८ आणि १९ तारखेला लोक जमतात, जेवतात, ती गोष्ट लेकरांना सांगतात.

आम्ही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा कोणी बोललं नाही. मग एकानं म्हटलं, "हे तं आपली जबरानजोत होय." अगदी तेच. आपण नांगरलं, आणि कागदावर आपलं नाव पडलं अतिक्रमणदार. वनखात्याच्या मुनाऱ्याच्या आत बांधी आली म्हणून केस, बैलजोडी जप्त, नांगर जप्त. १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय निघाला, त्यात किती जणांचं नाव बसलं आणि किती जणांचं सुटलं ते तुम्हाला माहीत आहे. २००२ च्या मे महिन्यात दिल्लीहून हुकूम आला की अतिक्रमणं हटवा. त्यावर देशभर आदिवासी उठले, तेव्हा कुठे २००६ चा वनहक्क कायदा झाला. त्या कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. अतिक्रमणदार म्हणणाऱ्याला हे वाक्य दाखवा.

माओरींचं पुढे काय झालं? १९७५ साली व्हिना कूपर नावाची ऐंशीला टेकलेली म्हातारी नातीचा हात धरून देशाच्या उत्तर टोकावरून राजधानीकडे पायी निघाली. हजार किलोमीटर. पोचेपर्यंत पाच हजार लोक मागे होते. मागणी एकच, आता माओरींची आणखी एक एकरही जायला नको. त्याच वर्षी वैतांगी कराराची तक्रार ऐकायला एक न्यायमंडळ बसलं. सुरुवातीला त्याला जुन्या गोष्टींत हात घालता येत नव्हता, १९८५ साली कायदा बदलला आणि १८४० पासूनच्या तक्रारी खुल्या झाल्या. ते मंडळ माओरींच्या सभाघरात जाऊन बसते. तिथे म्हातारी माणसं उभं राहून पूर्वजांची नावं सांगतात, गाणी म्हणतात, कोणत्या झऱ्यावर कोणाचा हक्क ते सांगतात. आणि हे सारं पुरावा म्हणून लिहून घेतलं जाते.

गाणं पुरावा! आमच्या साऱ्या भाषणातली एवढी एक गोष्ट घरी न्या.

कारण आपल्या कायद्यातही तेच आहे. २००८ सालच्या नियमांतला तेरावा नियम पुराव्यांचा आहे. त्यात सातबारा, पावती, पंचनामा आहेच. पण त्यातच जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा, वंशावळ आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं म्हणणंही पुरावा म्हणून आहे. सामूहिक दाव्यासाठी निस्तार, चराई, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायच्या जागा, मासे धरायच्या जागा, पाण्याचे स्रोत, वैदूच्या जडीबुटीच्या जागा, देवाची झाडं, देवराई, तळी. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. आता सांगा, हे पुरावे कोणाच्या कार्यालयात आहेत? कोणाच्याच नाही. ते आपल्या आजीच्या डोक्यात आहेत. कोणत्या मोहाखाली पेन आहे, नवं खायच्या आधी पहिला धान कुठे वाहतात, मसनवटीत कोणत्या दगडाखाली कोण निजलं आहे, वास्ते कुठे फुटतात, सात्या कुठे निघतात, चार कोणत्या टेकडीवर. आजी गेली की पुरावा गेला.

म्हणून संस्कृती म्हणजे मंचावरचा नाच, ही समजूत आम्हाला मान्य नाही. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात आपल्या एका गावच्या पोरापोरींना नाचायला नेलं होतं. चार तास उन्हात उभं ठेवलं, पाहुणे आल्यावर दहा मिनिटं ढोल वाजला, फोटो निघाले. त्याच गावाचे दावे तेव्हा महिनोन्महिने पडून होते. माओरींनाही हा अनुभव आहे. हाका जगभर मिरवते, आणि २००४ साली त्याच देशानं समुद्रकिनारा सरकारी मालकीचा असा कायदा केला. हजारो माओरी पुन्हा राजधानीवर चालत गेले. २००७ साली संयुक्त राष्ट्रात मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा विरोधात मत देणारे चारच देश होते, त्यात न्यूझीलंड. यंदा एप्रिलमध्ये त्यांनी आपली भूमिका बदलली. भारतानं तेव्हा बाजूनं मत दिलं, पण आपलं सरकार म्हणते इथले सगळेच मूळनिवासी. असो. बाजूनं मत दिलं तर त्याप्रमाणे वागा, एवढंच आमचं म्हणणं.

भाषेचं थोडक्यात. माओरी लेकरांना शाळेत आपल्या भाषेत बोललं की मार बसायचा. भाषा मरायला लागली तेव्हा १९८२ पासून त्यांनी बालवाड्या काढल्या, नाव कोहांगा रेओ, म्हणजे भाषेचं घरटं. त्यात म्हातारी माणसं लेकरांशी फक्त माओरीत बोलतात. १९८७ साली ती भाषा देशाची राजभाषा झाली. आपली गोंडी २००१ च्या जनगणनेत सत्तावीस लाख लोकांची मातृभाषा आहे, पण घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आपल्या जिल्ह्यात तर घरोघरी झाडीबोलीच बोलतात, गोंडी पूजेपुरती उरली. येर म्हणजे पाणी, नार म्हणजे गाव, एवढं तरी लेकरांना सांगा. घरट्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

आता दहा नावांच्या गोष्टीकडे परत येतो. आपल्याकडे सध्या सगळी धावपळ वैयक्तिक पट्ट्याची आहे, नमुना अ भरायची. ती बरोबर आहे, तो पट्टा घ्याच. नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो, वारसाला जातो, आणि विकता येत नाही. माओरींच्या कागदात ही शेवटची अट नव्हती, म्हणून त्यांची जमीन गेली. पण पट्टा जास्तीत जास्त चार हेक्टरचा. मोह, तेंदूपत्ता, बांबू, चराई, बोडी, पेनठाणा, मसनवटी, हे कोणाच्याही पट्ट्यात येत नाही. ते सामूहिक दाव्यातच येते, नमुना ब मध्ये. तो भरणारी गावं आपल्याकडे फार कमी आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना गेल्या वर्षी सामूहिक हक्क मिळाला, तीही आपल्यासारखी गोंड गावं. कोणी म्हणेल तिकडे पाचवी अनुसूची आहे, आपला जिल्हा त्यात नाही. खरं आहे, नाही. पण वनहक्क कायद्याला अनुसूचीची अट नाही. तो भंडाऱ्यालाही तेवढाच लागू आहे.

आणि गावात गोंडच राहतात असं नाही. हलबा आहेत, गोवारी आहेत, ढिवर आहेत. सामूहिक दावा ग्रामसभेचा असतो, एका जातीचा नाही. ढिवराला तळ्याचं जेवढं माहीत आहे तेवढं आपल्याला नाही. गोवाऱ्याला चराईच्या वाटा माहीत आहेत. त्यांना बाजूला ठेवून नकाशा काढला तर तो अर्धाच निघेल.

कामाचं ठरलं ते असं. रोवणी आटोपली की पोळ्याच्या आधी प्रत्येक गावानं एक दिवस शिवारफेरी काढायची. पुढे म्हातारी माणसं, त्यात निम्म्या बाया पाहिजेत, कारण कंद, भाजी, मोहाच्या जागा त्यांनाच ठाऊक. सोबत दहावी-बारावी शिकलेली दोन पोरं वही घेऊन. प्रत्येक जागेचं नाव गोंडीत किंवा झाडीत जसं आहे तसं लिहायचं, शुद्ध मराठी करायला जाऊ नका. त्या जागेची गोष्ट किंवा गाणं असेल तर तेही उतरवून घ्या. तहसीलमधून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल मागा, लेखी अर्ज करा, पोच घ्या. जुन्या नोंदीत नाव असलेल्या पूर्वजापर्यंत वंशावळ काढा. वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून, वाचून दाखवून, मग अंगठा. वाचून दाखवल्याशिवाय कोणाचाही अंगठा घ्यायचा नाही, आमच्या कागदावरसुद्धा नाही. वही भरली की वनहक्क समितीसमोर ठेवा, समितीत एक तृतीयांश बाया आहेत का ते पाहा, आणि ग्रामसभेत ठराव घ्या.

ज्या गावांना नकाशासाठी मदत पाहिजे त्यांनी जाताना आपल्या गावाचं नाव दाराजवळच्या वहीत लिहा. ज्यांच्या बैलजोड्या अजून जप्त आहेत त्यांनी थांबा, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे.

जय सेवा!